पावसाला जामीन राहिलेले राजे

होन्डुरासच्या पश्चिम टोकाला, ग्वाटेमालाच्या सरहद्दीपासून हाकेच्या अंतरावर कोपान नावाच्या उद्ध्वस्त माया नगराचे अवशेष आहेत. तिथल्या असंख्य कोरीव दगडांपैकी दोन चौकोनी दगड एकामागोमाग एक पाहावेत असे आहेत. पहिला इ. स. ७७६ चा. त्याच्या चारही बाजूंवर मिळून सोळा राजे मांडी घालून बसले आहेत, एकेका बाजूला चार. घराण्याचा मूळपुरुष कीनिच याश कुक मो सोळाव्या राजाच्या, म्हणजे याश पासाहच्या, हाती राजचिन्ह देतो आहे. दोघांमध्ये साडेतीनशे वर्षांचं अंतर आहे, पण दगडावर ते अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसले आहेत. दुसरा दगड ८२२ चा. याश पासाहनंतर गादीवर हक्क सांगणाऱ्या उकित तोक याने तो घडवायला घेतला. नक्कल उघड आहे. एका बाजूवर तो आणि याश पासाह समोरासमोर बसले आहेत. दुसऱ्या बाजूवर पाथरवटाने आकृत्यांच्या बाह्यरेषा काढायला सुरुवात केली आणि हात थांबवला. उरलेल्या दोन बाजू कोऱ्याच राहिल्या. त्यानंतर कोपानमध्ये कुठल्याही राजाच्या नावाने तारीख कोरली गेली नाही.

माया संस्कृतीवरचे बहुतेक लेख आणि झाडून सगळे दूरचित्रवाणीवरचे कार्यक्रम ‘एक प्रगत संस्कृती अचानक, गूढरीत्या लुप्त झाली’ या वाक्याने सुरू होतात. या वाक्यातलं ‘प्रगत’ तेवढं खरं. ऱ्हास अचानक झाला नाही, त्याला दीडशे वर्षं लागली. गूढ म्हणावं असं त्यात आता फार थोडं उरलं आहे. आणि लुप्त तर कोणीच झालं नाही. माया भाषा बोलणारी माणसं आजही लाखोंनी आहेत. संपली ती एक राज्यपद्धती. पाऊस, मका आणि काळ या तिन्हींना स्वतः जामीन राहणाऱ्या राजांची. जामीनदाराचं दिवाळं निघालं की लोक काय करतात, ते उत्तर ग्वाटेमालातल्या पेतेनच्या जंगलात नवव्या शतकात दिसलं.

आधी जमीन समजून घेतली पाहिजे, कारण सगळी मेख तिथे आहे. माया प्रदेश म्हणजे आजचा दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ आणि होन्डुरास व एल साल्वादोर यांचा पश्चिम भाग. दक्षिणेकडे ज्वालामुखींचा डोंगराळ मुलूख. जेड आणि ऑब्सिडियन ही धारदार काळी ज्वालामुखी काच तिथून यायची. मध्ये पेतेनचं सखल, दाट जंगल. उत्तरेला युकातानचं सपाट द्वीपकल्प. पेतेन आणि युकातानच्या पोटात चुनखडी आहे. पाऊस भरपूर पडतो, पण पाणी दगडात मुरून खाली निघून जातं. पेतेनच्या मोठ्या भागात बारमाही नदी नाही, आणि भूजल इतकं खोल की दगडी हत्यारांनी विहीर खणण्याची गोष्टच नको. वर्षातले चार-पाच महिने कोरडे. लोखंड नाही, ओझं वाहणारं जनावर नाही, गाडी नाही. एवढ्या ‘नाहीं’वर त्या लोकांनी आधी गावं आणि मग नगरं उभी केली.

पोसायला होता तो मका. सोबत घेवडा आणि भोपळा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून मग पाट्यावर वाटायचा, ही त्यांची युक्ती मोठीच म्हटली पाहिजे. त्यामुळे मक्यातलं अडकून पडलेलं जीवनसत्त्व शरीराला मिळतं. नुसत्या मक्यावर जगणाऱ्या युरोपातल्या गरिबांना पुढे पेलाग्राचा रोग झाला, तो तिथे झाला नाही. जंगल तोडून, जाळून पेरायचं आणि काही वर्षांनी जमीन सोडून द्यायची, ही फिरती शेती तर होतीच. पण डोंगरउतारावर बांध, दलदलीत चर आणि उंच वाफे अशी कायमची शेतीही होती. विमानातून लेझर किरणांनी केलेली उत्तर ग्वाटेमालाच्या २,१०० चौरस किलोमीटर जंगलाची मोजणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा झाडीखाली साठ हजारांहून जास्त बांधकामं दिसली. घरं, रस्ते, तटबंद्या, बांध, कालवे. त्यावरून संशोधकांनी ऱ्हासाआधीच्या भरभराटीच्या काळात मध्य सखल प्रदेशाची लोकसंख्या ७० लाख ते १ कोटी १० लाखांच्या घरात धरली. चार-दोन पुजारी आणि भोवती विखुरलेले शेतकरी, हे पन्नास वर्षांपूर्वीच्या पुस्तकांतलं चित्र तिथेच निकालात निघालं.

राजे मात्र आरंभापासून नव्हते. मेक्सिकोच्या ताबास्को राज्यातल्या अग्वादा फेनिक्स इथे सुमारे १.४ किलोमीटर लांबीचा मातीचा प्रचंड ओटा आहे. तो इ. स. पू. १००० ते ८०० या काळात भरला गेला. ताकेशी इनोमाता आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. एवढी माती वाहायला हजारो हात लागले असणार, पण तिथे राजाची मूर्ती नाही, राजवाडा नाही. लोक एकत्र जमून मोठी कामं करत होते, आणि ती करवून घ्यायला मुकुटधारी लागत नव्हता. राजा नंतर आला. सान बार्तोलो इथल्या, इ. स. पू. १०० च्या सुमाराच्या भित्तिचित्रांत तो दिसतो: मचाणावर बसलेला, मुकुट स्वीकारणारा. आणि त्याच भिंतींवर मक्याच्या देवाच्या जन्म-मृत्यूची कथा रंगवलेली. राजाचा अभिषेक आणि मक्याचं पुन्हा उगवणं शेजारी शेजारी रंगवलं, यातच पुढचा सगळा करार आला.

त्याच सुमाराला उत्तर पेतेनमध्ये एल मिराडोर हे महानगर भरात होतं. तिथल्या ला दांता पिरॅमिडची उंची नैसर्गिक टेकाडावरच्या ओट्यांसकट ७० मीटरच्या पुढे जाते. इ. स. १५० च्या आसपास ते नगर ओस पडलं. चुन्याचा गिलावा ही मायांची हौस म्हणा, व्यसन म्हणा. चौक, पायऱ्या, भिंती, जलाशय, सगळं गिलाव्याचं. चुना भाजायला ओलं लाकूड ढिगांनी लागतं. तिथे उत्खनन करणाऱ्या रिचर्ड हॅन्सन यांचं म्हणणं असं की जंगल तुटलं, उतारावरची माती वाहून दलदलीत बसली आणि शेती गेली. म्हणजे नवव्या शतकातला ऱ्हास पहिला नव्हता. धडा एकदा मिळून गेला होता, आणि पुढच्या पिढ्यांनी थोडा गिरवलाही.

इ. स. २५० ते ९०० या काळाला अभ्यासक अभिजात काळ म्हणतात. राजाची पदवी ‘कुहुल आहाव’, म्हणजे दैवी स्वामी. त्याचं काम काय, तर देवांना रक्त देणं आणि काळाची गाठ बांधणं. याशचिलानच्या एका दरवाजावरची शिळा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावरची तारीख ७०९ ची. राजा पेटती मशाल धरून उभा आहे, आणि समोर गुडघ्यावर बसलेली राणी काबाल शोक काटे ओवलेली दोरी स्वतःच्या जिभेतून ओढते आहे. दोरी खालच्या टोपलीत पडते. टोपलीत रक्ताने भिजलेले कागद. तिच्या अंगावरच्या वस्त्राची वीण पाथरवटाने इतक्या निगुतीने कोरली आहे की कापड ओळखू यावं. हे क्रौर्य नव्हतं, निदान त्यांच्या लेखी. हा हप्ता होता. राजघराणं आपलं रक्त भरतं, देव पाऊस देतात, प्रजा मका पिकवून राजवाड्याकडे धाडते.

काळाचं गणित त्यांनी ज्या थराला नेलं ते थक्क करणारं आहे. २६० दिवसांचं एक पूजाचक्र आणि ३६५ दिवसांचं वर्ष, ही दोन्ही एकमेकांत फिरून ५२ वर्षांनी जुळायची. त्यावर इ. स. पू. ३११४ च्या ऑगस्टपासून एकेक दिवस मोजत आलेली दीर्घगणना. वीस दिवस, ३६० दिवस, ७,२०० दिवस, १,४४,००० दिवस अशा तिच्या पायऱ्या. मोजणी विसाच्या पटीत आणि रिकाम्या स्थानासाठी शून्याचं चिन्ह. शून्य आपलं असं अभिमानाने सांगणाऱ्या आपल्या मंडळींनी हेही ध्यानात ठेवावं की महासागरापलीकडे ते कोणाकडून न शिकता स्वतंत्रपणे वापरात आलं होतं. दर ७,२०० दिवसांनी, म्हणजे साधारण वीस वर्षांनी, राजा शिलास्तंभ उभारायचा. २०१२ साली जग बुडणार म्हणून जो गदारोळ झाला, तो याच दीर्घगणनेचा एक मोठा टप्पा पूर्ण होण्यावरून. मायांनी जगबुडीचं भाकीत केल्याचा पुरावा नव्हता. पण त्यावरचा चित्रपट चालला.

हे शिलास्तंभ वाचता येऊ लागले ते अगदी अलीकडे. १२ जुलै १५६२ ला युकातानमधल्या मानी गावी दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन साधूने मायांच्या पोथ्या आणि हजारो मूर्ती जाळल्या. आज चार पोथ्या शिल्लक आहेत. दैव असं की लांदानेच लिहून ठेवलेली ‘माया मुळाक्षरं’ पुढे उलगड्याची किल्ली ठरली. १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत अभ्यासकाने लेनिनग्राडमध्ये बसून ओळखलं की ही मुळाक्षरं नव्हेत, आपल्या बाराखडीसारखी व्यंजन-स्वर जोडलेली अक्षरं आहेत. शिवाय पूर्ण शब्दाची चिन्हं वेगळी. ब्रिटिश पंडित एरिक थॉम्सन यांनी त्याची जन्मभर टर उडवली. १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकॉफ यांनी दाखवून दिलं की स्तंभांवरच्या तारखा म्हणजे राजांचे जन्म, राज्यारोहणं आणि मृत्यू आहेत. शांतताप्रिय ज्योतिषी-पुजाऱ्यांची संस्कृती ही थॉम्सन यांनी रंगवलेली प्रतिमा कोसळली. दगड बोलू लागले, आणि बोलले ते लढाया, कैदी आणि भाऊबंदकी यांबद्दलच.

त्यातलं सर्वांत मोठं वैर टिकाल आणि कलाकमुल या दोन नगरांचं. जानेवारी ३७८ मध्ये सियाह काक नावाचा सेनानी पश्चिमेकडून टिकालला ‘आला’. त्याचं नातं आजच्या मेक्सिको सिटीजवळच्या तेओतिवाकान या महानगराशी होतं. त्याच दिवशी टिकालचा राजा मेला. शिलालेख म्हणतो, तो पाण्यात शिरला. पुढच्या वर्षी नवा राजा गादीवर बसला आणि टिकाल बलाढ्य झालं. मग ५६२ मध्ये टिकालचा असा पराभव झाला की पुढची १३० वर्षं तिथे तारखेचा एकही स्तंभ उभा राहिला नाही. पराभवामागे कानुल, म्हणजे नागचिन्हाचं घराणं होतं, जे पुढे कलाकमुलला स्थिरावलं. तिथला युकनूम चेन (राज्यकाळ ६३६ ते ६८६) हा माया इतिहासातला बहुधा सर्वांत ताकदवान राजा. टिकालच्याच राजघराण्यातल्या एका माणसाला त्याने दोस पिलास इथे आपल्या बाजूला वळवलं आणि भावाला भावाविरुद्ध लढवलं. शेवटी ऑगस्ट ६९५ मध्ये टिकालच्या हासाव चान काविलने कलाकमुलला हरवलं. टिकालचं सुप्रसिद्ध पहिलं मंदिर, ४७ मीटर उंचीचं, त्याच्या समाधीवर उभं आहे.

या विजयाने टिकालचा फायदा झाला, पण व्यवस्थेचा तोटा झाला असं माझं मत आहे. कलाकमुलचा धाक होता तोवर मांडलिक आपापल्या जागी होते. तो गेल्यावर प्रत्येक लहानसहान सरदार स्वतःला कुहुल आहाव म्हणवू लागला. ७३८ मध्ये किरिग्वा या मांडलिक नगराच्या राजाने आपल्याच धन्याला, कोपानच्या तेराव्या राजाला, पकडून त्याचा शिरच्छेद केला. मग त्याच किरिग्वामध्ये ७७१ ला दहा मीटरहून उंच शिलास्तंभ उभा राहिला. मायांनी उभारलेला तो सर्वांत मोठा. मूठभर वस्तीचं गाव, आणि त्याला सगळ्यांत उंच दगड हवा! आठव्या शतकाच्या उत्तरार्धात स्तंभांची जी लाट आली ती अशा चढाओढीतली. प्रत्येक नव्या राजाला मंदिर हवं, चेंडूचं मैदान हवं, गिलावा हवा, क्वेत्झाल पक्ष्याची पिसं हवीत. आणि प्रत्येकाने पावसाची हमी द्यायची.

टिकालने पाण्याची सोय किती अक्कलहुशारीने केली होती हे पाहण्यासारखं आहे. अख्खं नगर म्हणजे पाणलोट क्षेत्र. गिलावा केलेले चौक उताराचे, त्यांवर पडलेलं पाणी दऱ्या अडवून केलेल्या जलाशयांत जायचं. राजवाड्याखालचा बांध सुमारे ८० मीटर लांब आणि १० मीटर उंच होता. त्यामागे जवळजवळ साडेसात कोटी लिटर पाणी मावत होतं. कोरियेंताल नावाच्या जलाशयाच्या मुखाशी स्फटिकी वाळू आणि झिओलाइट या खनिजाचा थर सापडला. हे खनिज जवळपास मिळत नाही, ते तीसेक किलोमीटरवरून आणावं लागलं असणार. म्हणजे पाणी गाळायची सोय होती. पण २०२० मध्ये सिनसिनाटी विद्यापीठाच्या संशोधकांनी राजवाड्याच्या आणि मंदिराच्या जलाशयांतला गाळ तपासला, तेव्हा त्यात पारा आणि विषारी निळ्या-हिरव्या शेवाळाचे अंश निघाले. पारा आला कुठून? राजवाड्याच्या भिंती आणि समाध्या रंगवायला वापरलेल्या हिंगुळातून. ज्या लाल रंगाने राजाचं दैवीपण मिरवलं, तो दर पावसात धुऊन राजाच्याच पिण्याच्या पाण्यात उतरत होता.

दुसरी खूण लाकडाची, आणि ती आपल्याला जवळची वाटेल. आपण डहाणू-घोलवडचा म्हणून खातो तो चिकू मूळचा याच जंगलातला. चिकूचं लाकूड लोखंडासारखं टणक, कीड न लागणारं. टिकालच्या मंदिरांच्या दरवाजांवरच्या तुळया चिकूच्या होत्या, आणि हजार-बाराशे वर्षांनंतरही त्यांवरचं कोरीवकाम शाबूत राहिलं. चौथ्या मंदिराच्या कोरीव तुळया आज स्वित्झर्लंडमध्ये बासेलला आहेत. डेव्हिड लेंट्झ आणि सहकाऱ्यांनी या तुळयांची मापं घेतली. आधीच्या मंदिरांना लांब, जाड, सरळ खोडं मिळाली होती. ७४१ नंतर एकाएकी चिकू नाहीसा होऊन दुसरं, वेडंवाकडं आणि कोरायला कठीण लाकूड दिसतं. ८१० च्या सुमाराला चिकू परत येतो, पण बारीक खोडांचा. मोठी झाडं संपली होती. राजांच्या भाटांनी हे कुठेही कोरून ठेवलेलं नाही. तुळईच्या जाडीने ते सांगितलं.

पडझड सर्वांत आधी दिसली ती पेतेशबातून भागात. ७६१ मध्ये दोस पिलासचा राजा पळाला. मागे राहिलेल्या लोकांनी मंदिरांचे आणि राजवाड्याचे घडीव दगड उपसून घाईघाईने तट घातला. तो तट थेट राजवाड्याच्या अंगावरून आणि कोरीव लेखांच्या जिन्यावरून गेला. आत, जिथे दरबार भरायचा त्या चौकात, लोकांनी झोपड्या घातल्या. ज्या जिन्यावर आजोबांचे विजय कोरले होते त्याचा नातवंडांना उपयोग काय, तर आडोसा. जवळचं अग्वातेका एका खोल नैसर्गिक भेगेच्या आणि तटांच्या आड आणखी पन्नास वर्षं टिकलं. ८१० च्या सुमाराला शत्रूने ते जाळलं. इनोमाता यांनी तिथे सरदारांची घरं खोदली तेव्हा जळक्या छपराखाली सगळं जागच्या जागी होतं: धान्याची मडकी, पाटे-वरवंटे, रंग वाटायचे छोटे खल, शिंपल्याच्या दौती. लेखनिक कामावरून उठून पळाला होता आणि परत आला नाही.

आणि मग अवर्षण. १९९५ मध्ये डेव्हिड हॉडेल आणि सहकाऱ्यांनी युकातानमधल्या चिचनकानाब तळ्याच्या तळाचा गाळ नळीने काढला. पाणी आटलं की अशा तळ्यात जिप्समचा थर बसतो. असे थर इ. स. ८०० ते १००० च्या दरम्यान दाट झालेले होते. २०१८ मध्ये त्याच तळ्यातल्या जिप्समच्या स्फटिकांत अडकलेलं पाणी तपासून हिशेब निघाला की त्या काळात वार्षिक पाऊस सरासरी निम्म्यावर आला होता. सर्वांत वाईट काळात ७० टक्क्यांपर्यंत घटला होता. बेलीझच्या योक बालुम गुहेत जमिनीवरून वर वाढलेल्या चुन्याच्या खांबांनीही हेच सांगितलं. काही संशोधक इथेच थांबतात: पाऊस गेला, संस्कृती गेली. मला हे अपुरं वाटतं. दोस पिलास मोडलं ते मोठ्या अवर्षणाच्या आधी, आणि लढाईने. उलट सर्वांत कोरड्या उत्तर युकातानमध्ये, उशमल आणि चिचेन इत्सा इथे, नवव्या शतकातच भरभराट होती. चिचेन इत्साला जमिनीतल्या नैसर्गिक डोहांत, म्हणजे सेनोतेंमध्ये, पाणी हाताशी होतं. दक्षिणेत पाणी होतं ते राजाने अडवलेलं. अवर्षणाने दक्षिणेतल्या माणसांना तर मारलंच, पण त्याआधी राजाच्या शब्दाची किंमत शून्य केली.

किंमत कशी शून्य झाली याचा पुरावा ग्वाटेमालातल्या उकानाल या ठिकाणी मिळाला. २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथे एका पिरॅमिडच्या भरावात जुन्या राजांची हाडं आणि हजारो दागिन्यांचे तुकडे जळालेल्या अवस्थेत सापडले. हाडं आठशे अंशांहून जास्त उष्णतेत भाजून आक्रसलेली. म्हणजे कोणीतरी समाधी उघडून, राजघराण्याचे अवशेष बाहेर काढून ते जाळले होते, आणि मग राखरांगोळी नव्या बांधकामाच्या भरावात टाकली. हे घडलं नवव्या शतकाच्या आरंभी, पापमालिल नावाचा, जुन्या घराण्याबाहेरचा माणूस सत्तेवर येण्याच्या सुमारास. त्याच्या काळात नगराची भरभराट झाली. मला हा सगळा ऱ्हास समजून घ्यायला याहून बोलका प्रसंग दुसरा सापडत नाही. लोकांनी जामीनदाराचं दप्तरच जाळून टाकलं, आणि कामाला लागले.

दगडांवरच्या तारखा मग एकेक करून थांबत गेल्या. पालेंके ७९९. याशचिलान ८०८. कोपान ८२२. सेइबालला ८४९ मध्ये एका नव्या राजाने एकदम पाच स्तंभ उभारून पाहिले. टिकालचा शेवटचा स्तंभ ८६९ चा. ज्ञात असलेली शेवटची दीर्घगणनेची तारीख ९०९ ची, मेक्सिकोतल्या तोनिनाची. शेतकरी कुठे गेले? काही उपासमारीने आणि लढायांत मेले, हे खरंच. लोकसंख्या भयंकर घटली. बाकीचे उत्तरेला, किनाऱ्याला, तळ्यांकाठी, डोंगराळ दक्षिणेला गेले. व्यापारही जंगलातल्या पायवाटा सोडून समुद्रावर गेला. १५०२ मध्ये कोलंबसच्या लोकांना होन्डुरासच्या किनाऱ्याजवळ जी लांबलचक होडी भेटली, तिच्यात कापड, तांब्याच्या वस्तू आणि कोकोच्या बिया भरलेल्या होत्या.

उत्तरेकडचं राज्य वेगळ्या घाटाचं झालं. चिचेन इत्सामध्ये राजाचे पुतळे आणि वंशावळी मिरवणं मागे पडलं. त्यानंतर मायापान हे तटबंदीचं नगर आलं. तिथे अनेक घराणी एकत्र राज्य करत. पंधराव्या शतकाच्या मध्याला शिऊ घराण्याने कोकोम घराण्याची कत्तल केली आणि तेही मोडलं. स्पॅनिश आले तेव्हा युकातानात डझनभर लहान राज्यं होती, आणि एका सम्राटाला पकडून देश जिंकण्याची आझ्टेक-इंकांच्या बाबतीतली युक्ती तिथे चालली नाही. पेतेनमधल्या तळ्यातल्या बेटावरचं नोह पेतेन हे शेवटचं स्वतंत्र माया राज्य मार्तिन दे उर्सुआच्या फौजेने १३ मार्च १६९७ ला घेतलं. तोवर आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या निधनाला सतरा वर्षं होत आली होती आणि राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते. ‘प्राचीन’ माया इतक्या अलीकडचे.

चिचेन इत्साच्या पवित्र सेनोतेजवळच्या एका भूमिगत टाक्यात १९६७ मध्ये शंभराहून अधिक लहान मुलांचे अवशेष सापडले होते. त्यांतल्या ६४ जणांची जनुकीय तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळे मुलगे होते. दोन जोड्या एकसारख्या जुळ्यांच्या. देवांना पावसासाठी काय काय दिलं गेलं, त्याचा हा हिशेब. याच तपासणीत जवळच्या तिश्काकाल्तुयुब गावच्या आजच्या रहिवाशांचे नमुनेही घेतले गेले. बळी दिलेली मुलं आणि हे गावकरी एकाच लोकसमूहाचे निघाले.

तेव्हा मायांना खरोखर लुप्त करण्याचे प्रयत्न नवव्या शतकात झाले नाहीत, ते नंतर झाले. सर्वांत निर्घृण प्रयत्न तर आपल्या हयातीतला आहे. ग्वाटेमालाच्या १९६० ते १९९६ या यादवीची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये अहवाल दिला. मेलेले आणि बेपत्ता मिळून दोन लाखांवर. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया. सरकारी बाजूने केलेल्या ६२६ कत्तलींची नोंद, आणि १९८१ ते १९८३ मध्ये काही भागांत सैन्याने मायांचा वंशसंहार केल्याचा निष्कर्ष. ज्या देशाने नोटेवर टिकालचं मंदिर छापलं त्याच देशातली ही गोष्ट. २००३ मध्ये तिथे कायद्याने माया भाषांना राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता मिळाली. ग्वाटेमालात अशा २२ भाषा आहेत, आणि त्यांतली एकटी कीचे बोलणारेच दहा लाखांच्या आसपास आहेत.